पुण्याचा रेडिओ, नाशिकचे पुस्तक आणि पेडगावचा विद्यार्थी

'वेड पांघरून पेडगावला जाणे' या वाक्प्रचारातले पेडगाव म्हणजे भीमाकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातले, बहादूरगडाचे पेडगाव. हा थ्रेड त्या पेडगावचा नाही.

मराठवाड्यात परभणी तालुक्यात याच नावाचे दुसरे गाव आहे. मनमाडकडून येणारी गाडी मानवत रोड सोडून परभणीकडे निघाली, की परभणीच्या अलीकडे त्याचे छोटेसे स्थानक लागते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाने या पेडगावची दखल घेतलेली नाही. पण एका प्रश्नाचा इतिहास सांगायला असेच गाव लागते. प्रश्न असा : विद्यार्थी कॉलेजपर्यंत पोहोचू शकत नसेल, तर कॉलेजने त्याच्यापर्यंत कसे पोहोचावे? आणि पोहोचले, तरी तेथे शिकणे घडते आहे हे कशावरून ओळखावे?

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांना टाळे लागले आणि काही आठवड्यांत तासिका मोबाइलच्या पडद्यावर आल्या. ऑनलाइन कॉलेजचा प्रारंभ तेव्हाच झाला, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात दूर बसलेल्याला शिकवावे कसे, याचा जगभर उल्लेखिला गेलेला एक शास्त्रशुद्ध प्रयोग महाराष्ट्राच्याच खेड्यांत, मराठी भाषेत, १९५६ साली झाला होता. त्याचे निष्कर्ष छापील स्वरूपात उपलब्ध होते. २०२० मध्ये बहुतेकांनी ते ठाऊक नसल्यासारखे वर्तन केले. वेड पांघरण्याचा हाही एक प्रकार म्हणावा लागेल.

प्रारंभ रुळांपासून करणे योग्य.

पेडगावचे स्थानक ज्या मार्गावर आहे, तो हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. सिकंदराबाद ते मनमाड अशी ही मीटरगेज वाट होती. परभणीच्या तरुणाला पदवी हवी असेल, तर याच वाटेने हैदराबाद गाठावे लागे. तेथे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे योग्य कौतुक होते. पण ती देशी भाषा उर्दू होती. मराठी घरातल्या मुलाला म्हणून दोन अंतरे तोडावी लागत. एक मैलांचे, दुसरे भाषेचे. गाडीचे तिकीट पहिल्यापुरतेच चालत असे.

सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटू लागले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. कॉलेज जवळ येत होते. तरीही ज्याच्या हाती औत आहे, ज्याच्या घरी लहान भावंडे आहेत, किंवा जिचे लग्न सोळाव्या वर्षी झाले आहे, त्यांच्यासाठी परभणी काय आणि हैदराबाद काय, सारखेच दूर.

अशा विद्यार्थ्यांसाठी जगाने तोवर दोन मार्ग शोधले होते आणि ते परस्परांच्या अगदी उलट होते.

लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा महाविद्यालयात न शिकणाऱ्यांनाही खुल्या केल्या. मराठीत ज्याला 'बहिःस्थ विद्यार्थी' म्हणतात, त्याचा हा मूळपुरुष. त्याला परीक्षा मिळाली, पदवी मिळाली; शिक्षक मात्र मिळाला नाही. त्याने काय वाचावे, कसे समजून घ्यावे, अडले तर कोणाला विचारावे, याच्याशी विद्यापीठाचा संबंध नव्हता.

दुसरा मार्ग आयझॅक पिटमन यांचा. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू होताच त्यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला घेतले. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, पिटमननी तो तपासून परत पाठवायचा. येथे पदवी नव्हती. पण चूक झाली तर ती कोणीतरी दाखवून देत होते. दूरशिक्षणाच्या इतिहासात टपाल, रेडिओ, उपग्रह अशी माध्यमांची नावे ठळक अक्षरांत छापली जातात. त्यांच्या मागे खरी झटापट या दोन मार्गांची आहे : नुसते पोहोचवणे, की परत आलेले तपासणे.

आता १९५६.

कॅनडात १९४१ पासून 'फार्म रेडिओ फोरम' नावाचा उपक्रम चालू होता. शेतकऱ्यांनी शेजाऱ्याच्या घरी जमायचे, एकत्र रेडिओ ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि काही कृती ठरवायची. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. हे सूत्र वेगळ्या समाजात, निरक्षरतेचे प्रमाण मोठे असलेल्या खेड्यांत टिकेल का, हे युनेस्कोला पाहायचे होते. आकाशवाणीने जबाबदारी घेतली आणि केंद्र ठरले पुणे.

तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात जास्तीत जास्त वीस जणांचे एक श्रोतृमंडळ, त्याला एक निमंत्रक. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोनदा, सायंकाळी अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम पुणे केंद्रावरून प्रसारित झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि चर्चा सुरू. चर्चेत काय निघाले, याचा अहवाल निमंत्रकाने पुण्याला धाडायचा. अडलेले प्रश्नही त्याच टपालाने जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या प्रसारणात येत.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि त्याची धुरा पॉल न्यूराथ यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. तत्त्वज्ञ ऑटो न्यूराथ यांचे चिरंजीव. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून ते जिवंत बाहेर पडले, अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ झाले आणि पन्नाशीच्या दशकात अध्यापनासाठी मुंबईत आले. अहवालाचे दुसरे लेखक जगदीशचंद्र माथुर. ते आकाशवाणीचे महासंचालक तर होतेच, शिवाय 'कोणार्क' या हिंदी नाटकाचे नाटककारही. छळछावणीतून वाचलेला एक समाजशास्त्रज्ञ आणि नाटके लिहिणारा एक सनदी अधिकारी मिळून मराठी शेतकऱ्यांच्या संध्याकाळच्या बैठकांचा अभ्यास करतात, हे दृश्यच मोठे विलक्षण आहे.

पण विलक्षण दृश्यापेक्षा प्रयोगाची रचना अधिक महत्त्वाची. न्यूराथ यांनी केवळ फोरम असलेली गावे तपासली नाहीत. तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली : ज्यांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि ज्यांत रेडिओही नव्हता. प्रसारणमालिकेच्या आधी आणि नंतर, तिन्ही प्रकारच्या गावांत मुलाखती घेऊन लोकांचे ज्ञान मोजले गेले.

मंडळ असलेल्या गावांत ज्ञानात ठळक वाढ दिसली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथील वाढ त्या मानाने नगण्य ठरली.

हा निष्कर्ष थोडे थांबून वाचण्याजोगा आहे. दोन्ही प्रकारच्या गावांत रेडिओ होता. एका ठिकाणी मात्र ऐकण्याची वेळ ठरलेली, सोबत ऐकणारे ओळखीचे, ऐकून झाल्यावर बोलणे अपेक्षित आणि बोललेले पुण्यात वाचले जाणार याची खात्री. दुसऱ्या ठिकाणी यंत्र होते, एवढेच. 'चांगला कार्यक्रम पोहोचवला की लोक शिकतात' या समजुतीला १९५६ मध्येच आकड्यांनिशी तडा गेला होता. अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

या प्रयोगाची मर्यादाही नमूद करायला हवी. मंडळांत प्रामुख्याने पुरुष होते. संध्याकाळी चुलीजवळ असणारा अर्धा गाव बैठकीबाहेर राहिला. दूरशिक्षणाची खरी गरज ज्यांना सर्वाधिक, त्याच या.

आणि पेडगाव? ते तर यादीत असणे शक्यच नव्हते. १९५६ च्या उन्हाळ्यात परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. प्रयोग मुंबई राज्याचा. राज्य पुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. प्रयोग संपून सहा महिने झाले होते.

पुढे श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली. येथे एक परिचित गोष्ट घडली. पुण्याच्या प्रयोगात मंडळांना भेटी देणारे, अहवाल वाचणारे, उत्तरे पाठवणारे लोक होते. योजना हजारो गावांत पसरली तेव्हा रेडिओसंच वाढले, पण हे मधले मनुष्यबळ त्या प्रमाणात वाढले नाही आणि पुढे मंडळांतला जीव ओसरत गेला. संचांची खरेदी अंदाजपत्रकात दाखवणे सोपे असते. पत्रांना उत्तरे देणाऱ्या माणसाचा पगार दाखवणे कठीण.

कॉलेजच्या जगात तोवर पत्रद्वारा शिक्षणाने पाय रोवले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये असे विभाग सुरू केले. छापील टिपणे टपालाने घरी येऊ लागली. नोकरी करून पदवी घेणाऱ्या पिढ्यांसाठी ही केवढी तरी सोय होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण टिपणे बहुधा वर्गातल्या व्याख्यानाची लिखित प्रत असत. वर्गात फळा, हातवारे, पुन्हा विचारण्याची मुभा असते. तेच व्याख्यान कागदावर उतरवले, की ते एकट्या वाचणाऱ्याशी बोलेनासे होते.

ब्रिटनमध्ये याच सुमारास एक नाव बदलले आणि त्या बदलात बरेच काही दडले आहे. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये कल्पना मांडली ती 'युनिव्हर्सिटी ऑफ द एअर', म्हणजे नभोवाणीवरच्या विद्यापीठाची. प्रत्यक्षात १९६९ मध्ये सनद मिळाली ती 'ओपन युनिव्हर्सिटी'ला. आखणी करताना स्पष्ट झाले होते, की प्रसारणाचा वाटा लहानच राहणार. भार वाहणार ती खास तयार केलेली पुस्तके, आणि विद्यार्थ्याच्या लिखाणावर सविस्तर शेरे लिहिणारा, छोट्या गटाचा शिक्षक. म्हणजे पिटमनचे तपासलेले कागद पुन्हा विद्यापीठात आले, आणि या वेळी पदवीसह.

भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये निघाले. कोठे? हैदराबादला. पेडगावची जुनी गाडी ज्या शहरात जात असे, तेथेच. पण आता ते शहर दुसऱ्या राज्याची राजधानी होते आणि विद्यापीठ आंध्र प्रदेशाचे. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाची 'कंट्रीवाइड क्लासरूम' ही मालिका उपग्रहावरून दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या कार्यक्रमनिर्मितीत पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्राचाही वाटा होता. कार्यक्रम देखणे होते, हे आजही ते पाहिलेले लोक सांगतात. पण ते मुख्यतः इंग्रजीत, अभ्यासक्रमाला न बांधलेले आणि एकतर्फी. विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला पडद्याला कान नव्हता.

१ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे घोषवाक्य महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, ते या विद्यापीठाचे.

घोषवाक्यापेक्षा त्याची यंत्रणा पाहावी. पहिली गोष्ट प्रवेशाची. बारावी न झालेल्या प्रौढ व्यक्तीलाही पूर्वतयारी अभ्यासक्रम पूर्ण करून पदवीला प्रवेश घेता येई. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी, आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य असणे स्वाभाविक होते, ही फट दरवाजाएवढी मोठी ठरली.

दुसरी गोष्ट पुस्तक. मुक्त विद्यापीठाचे मराठी पाठ्यपुस्तक ज्याने हाताळले आहे, त्याला त्याचा साचा आठवत असेल. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे : हा घटक वाचल्यावर तुम्हाला काय करता येईल. मग प्रास्ताविक, मग विवेचनाचे छोटे तुकडे. प्रत्येक तुकड्यानंतर स्वयं-अध्ययन प्रश्न, त्यांची उत्तरे घटकाच्या शेवटी. पारिभाषिक शब्दांचे अर्थ, सारांश, पुढचे वाचन. वर्गात शिकलेल्यांना हा साचा कंटाळवाणा वाटतो आणि काही पुस्तकांत तो यांत्रिक झालाही आहे. पण तो वर्गासाठी नाहीच. रात्री नऊनंतर, कामे आटोपून, एकट्याने पुस्तक उघडणाऱ्यासाठी तो आहे. अशा वाचकाला दर दोन पानांनी थांबवून 'हे समजले का?' असे विचारणारे दुसरे कोणी नसते; ते काम पुस्तकाने करायचे. स्वीडनचे दूरशिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी याच विचाराची उपपत्ती मांडली होती : दूरस्थ विद्यार्थ्यासाठीचा मजकूर संभाषणासारखा लिहिलेला असावा.

तिसरी गोष्ट माणसाची. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली गेली. बहुधा सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे भरत. तेथे शिकवणाऱ्याला 'प्राध्यापक' म्हटले गेले नाही. शब्द निवडला गेला 'समंत्रक'. शब्द जड आहे, पण योजना नेमकी. समंत्रकाने पाठ पुन्हा शिकवायचा नव्हता, तो पुस्तकात होताच. त्याने अडलेले सोडवायचे आणि स्वाध्याय तपासायचे होते. १९५६ चा निमंत्रक आणि १९८९ चा समंत्रक हे दोघे एकाच कुळातले.

अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातल्या अंतराची वेगळी व्याख्या केली आहे. हे अंतर मैलांत मोजायचे नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती, आणि अभ्यासक्रमाची बांधणी किती ताठर, यावर ते ठरते. या मापाने पाहिले, तर शंभर जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगा शिक्षकापासून फार दूर असू शकतो, आणि आपला स्वाध्याय लाल शाईच्या चार ओळींसह परत मिळालेली खेड्यातली गृहिणी अगदी जवळ.

यंत्रणा कागदावर जशी असते तशी जमिनीवर राहत नाही. जेथे जेथे स्वाध्याय नुसते गुणांसाठी जमा करून घेतले गेले आणि शेऱ्याविना पडून राहिले, तेथे विद्यार्थ्यांनी ते एकमेकांचे उतरवून काढले. यात नवल नाही. संपर्कसत्र ओस पडले की बाजारातले गाईड समंत्रकाची जागा घेते. हा दोष एखाद्या संस्थेचा म्हणण्यापेक्षा दूरशिक्षणाचा जगभरचा जुना आजार आहे. परतीचा रस्ता बंद पडला, की सारी व्यवस्था पुन्हा लंडनच्या बहिःस्थ परीक्षेपाशी येऊन थांबते.

२० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने एज्युसॅट सोडला. केवळ शिक्षणासाठीचा हा भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी देशातली जी तीन विद्यापीठे निवडली गेली, त्यांत नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. येथे पडद्यापुढच्या वर्गातून शिक्षकाला उलट प्रश्न विचारण्याची तांत्रिक सोय अंगभूत होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी निमंत्रकाचे पत्र जे काम काही दिवसांत करत असे, ते आता काही सेकंदांत होऊ शकत होते. अर्थात वर्गात वीज असेल, केंद्र उघडे असेल आणि प्रश्न विचारण्याची सवय असेल तर.

हा सारा इतिहास गाठीशी असताना २०२० उजाडले.

त्या वर्षी झाले ते असे : साठ मिनिटांची तासिका साठ मिनिटांचीच राहिली, फक्त पडद्यावर गेली. बाराशे रुपयांच्या ट्रायपॉडवर फोन लावून शिक्षकांनी जिवाचे रान केले. त्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. शंका आराखड्याबद्दल आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय होती आणि संगणक ४.४ टक्क्यांकडे. पुढच्या दोन वर्षांत मोबाइल इंटरनेट पसरले, हे खरे. पण घरात एक फोन आणि तो दिवसा कर्त्या पुरुषाच्या खिशात, हे खेड्यातले गणित टक्केवारीत उमटत नाही. सकाळी अकराच्या थेट तासिकेला परभणीतला मुलगा हजर राहू शकतो. पेडगावसारख्या गावातल्या त्याच्या वर्गमैत्रिणीला फोन रात्रीच मिळतो. थेट तासिका हाच ज्या अभ्यासक्रमाचा कणा, त्यात ती पहिल्या आठवड्यातच मागे पडते, आणि हजेरीपटावर त्याचे कारण 'अनुपस्थित' एवढेच लिहिले जाते.

दरम्यान संशोधन पुढे गेले होते आणि ते जुन्याच गोष्टी नव्या आकड्यांत सांगत होते. एडएक्स या मंचावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच व्हिडिओत रमतात, मग तो कितीही लांब असो, असे त्यात आढळले. त्याच्या वर्षभर आधीच्या एका प्रयोगात ध्वनिमुद्रित व्याख्यानाच्या मधे मधे छोटे प्रश्न विचारले गेले, तेव्हा मन भरकटण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आणि व्याख्यान अधिक लक्षात राहिले. नाशिकच्या पुस्तकातला, कंटाळवाणा म्हणून हिणवला गेलेला 'स्वयं-अध्ययन प्रश्न' दुसरे काय करत होता? आणि कोणाच्याही सोबतीवाचून, फुकट, जगातल्या नामांकित विद्यापीठांचे अभ्यासक्रम उघडून बसणाऱ्यांचे काय झाले? हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांच्या २०१९ मधील विश्लेषणात, नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे तीन-चार टक्क्यांच्या आसपास निघाले. पुणे प्रयोगातल्या, मंडळाविना रेडिओ असलेल्या गावांची येथे आठवण येते.

मग दूरस्थ वर्ग चालतो कसा, याचे उत्तर या तुकड्यांतून जुळवता येते आणि त्यात चकाकणारे फारसे काही नाही. पाठ लहान हवा आणि तो डाउनलोड करून रात्री ऐकता-वाचता यायला हवा. जिथे आवाज आणि मजकूर पुरेसा आहे तिथे चित्रफितीचा हट्ट कशाला? थेट भेट मोजकी, ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी. आणि ती शिकवण्यासाठी नव्हे, अडलेले विचारण्यासाठी. गट इतका लहान, की कोण आठवडाभर दिसले नाही हे शिक्षकाला यादी न पाहता कळावे. न दिसणाऱ्याला नोटीस जाण्याआधी फोन जावा. आणि लिहून दिलेला प्रत्येक स्वाध्याय चार ओळींच्या शेऱ्यासह, विद्यार्थ्याला तो विषय आठवतो आहे तोवर, परत मिळावा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त दिसते, पण सर्वांत महाग तीच आहे. कारण तिला माणूस लागतो.

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचाची रचना २०१७ पासून चार भागांची आहे : चित्रफीत, वाचनसाहित्य, चाचणी आणि चर्चामंच. पहिले तीन भाग एकदा तयार केले की वर्षानुवर्षे चालतात. चौथ्याला दर सत्रात कोणीतरी रोज उत्तरे द्यावी लागतात. एखाद्या अभ्यासक्रमाचे खरे आरोग्य पाहायचे असेल, तर चित्रफितीच्या दर्जाआधी चर्चामंचावरचा शेवटचा अनुत्तरित प्रश्न किती दिवसांचा आहे, ते पाहावे.

४ सप्टेंबर २०२० रोजी, टाळेबंदीच्या त्याच वर्षात, विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी नवी विनियमावली अधिसूचित केली. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी कोणती माणसे नेमावीत, हेही तीत ठरवून दिले आहे. विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळचे पद 'कोर्स मेंटॉर'चे. म्हणजे निमंत्रक आणि समंत्रक यांचा आजचा वारस. प्रमाण आहे २५० विद्यार्थ्यांमागे एक.

१९५६ च्या उन्हाळ्यात, पुणे केंद्र लावून बसलेल्या त्या गावांत, ते वीस जणांमागे एक होते.